न कळल्यास केशरबाईंना विचारावे

अपेक्षा गावंडेची आई अंजनगाव सुर्जीत भेटेल त्याला सांगायची, "आमची अपेक्षा अमरावतीले पेपर तपासते." त्यामुळे अर्ध्या गावाची समजूत झाली होती की पोरगी बोर्डात लागली आहे, आणि दहावीचा निकाल जवळ आला की त्यांच्या ओसरीवर चहा पिणाऱ्यांची संख्या अचानक वाढायची. आईचं तसं फार चुकत नव्हतं. अपेक्षा तपासायची ते पेपरच, फक्त ते पोरांनी लिहिलेले नसत.

हल्ली लोक फोनशी नुसतं बोलून कामं सांगतात. तिकीट काढ, डॉक्टरांची वेळ घे, सिलिंडर संपलं ते कळव. ही कामं पार पाडणारा जो एआय असतो, त्याला अपेक्षाच्या ऑफिसात एजंट म्हणत. एजंट हुशार असतो, दमत नाही, चहा मागत नाही. पण नव्या सुनेसारखं त्याला घरातलं काहीच माहीत नसतं. एखादं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे त्याच्या माहितीपुस्तिकेत जेवढं लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळतं. राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर बसून अपेक्षा या पुस्तिकांची परीक्षा घ्यायची. एजंटच्या हाती फक्त पुस्तिका द्यायची, वीस कामं सांगायची, आणि प्रत्येक काम तीन-तीनदा करवून घ्यायचं, म्हणजे नशिबानं जमून गेलं असं व्हायला नको. एका कामाला पाच गुण, सत्तरला पास. एजंट अडखळला तर बोट आधी पुस्तिकेकडे दाखवायचं, हा तिथला पहिला धडा.

श्रावणात तिच्याकडे एक पुस्तिका आली. लिहिणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळू देत नसत, त्यामुळे पहिलं पान कोरं होतं. सॉफ्टवेअर अकोल्याकडच्या शेतकऱ्यांच्या एका औजार बँकेचं होतं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, जे एकट्याला झेपत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं आणि पाळीपाळीनं वापरायचं, अशी ती बँक. पुस्तिका पास झाली तर राज्यभरातल्या शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका बोलक्या मदतनिसाला ते सॉफ्टवेअर जोडलं जाणार होतं. शेतकऱ्यानं वावरात उभं राहून फोनला म्हणायचं, "उद्या ब्लोअर पाह्यजे," की काम झालं.

पुस्तिका एकाहत्तर पानांची होती. पहिल्या नऊ पानांत लाकडी नांगरापासूनचा इतिहास. भाषा अशी घोटीव की वाचताना अपेक्षाला आधी आनंदच झाला. मग तिनं एजंटला कामाला लावलं आणि आनंद ओसरू लागला. "उजवीकडील हिरवे बटण दाबावे" असं पानोपानी लिहिलं होतं. एजंट काही पडद्याकडे पाहत बसत नाही, तो सॉफ्टवेअरशी आतून बोलतो. त्याला उजवं काय आणि हिरवं काय! एका ठिकाणी लिहिलं होतं, "चूक क्रमांक सात आल्यास संपर्क साधावा." कुणाशी, ते नव्हतं. एजंटनं बिचाऱ्यानं तीनदा जाऊन चूक क्रमांक सातशीच संपर्क साधला.

अकराव्या कामात तर कहर झाला. सात शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवेत, सर्वांत जास्त ट्रॅक्टर मोकळे असतील तो दिवस धर, असं अपेक्षानं सांगितलं. एजंटनं तारखा धुंडाळल्या. एका दिवशी बँकेचे नऊच्या नऊ ट्रॅक्टर मोकळे दिसले. त्यानं सातही शेतकऱ्यांना एकाच सकाळी ट्रॅक्टर देऊन टाकले आणि वर कळवलं, "आनंदाची बातमी! सर्व ट्रॅक्टर उपलब्ध आहेत."

शेजारच्या टेबलावरून गौरांगनं मान लांब करून तारीख पाहिली आणि तो खुर्चीतच उडाला. "अबे, हा पोळा व्हय ना! त्या दिवशी लोकं ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, पुजतात. वावरात कोण नेते?"

"पुस्तिकेत कुठं लिहिलंय तसं?" अपेक्षा म्हणाली.

खरंच कुठं लिहिलं नव्हतं. आजवर पोळ्याला कुणी ट्रॅक्टर मागितलाच नव्हता, म्हणून तो दिवस मोकळा राहत आला होता, आणि मोकळा आहे म्हणजे बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एजंट सोडून.

वीसपैकी सात कामं जमली. अपेक्षानं पस्तीस गुण मांडले आणि शेरा लिहिण्यासाठी पुन्हा पानं चाळायला घेतली, तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक प्रकरण "आता नीट लक्ष द्या" या शब्दांनी सुरू होत होतं. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं तिनं हे वाक्य रोज ऐकलं होतं. हे हेमचंद्र सर होते.

पहिल्याच वर्षी इंग्रजीच्या धास्तीनं ती बॅग भरून अंजनगावला परत निघाली होती. तेव्हा सरांनी तिला वर्गात फळ्यासमोर उभं केलं होतं. "तुझ्या बोलीत समजाव," ते म्हणाले होते. "मशीनला चालतं, आम्हालाही चालेल." तिनं समजावलं, वर्गाला समजलं, आणि बॅग पुन्हा उघडली गेली. त्याच सरांच्या नावापुढं आज तिनं पस्तीस लिहिले होते. तिला फार वाईट वाटलं.

ती तशीच उठून अनुपमा मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ऑफिस मॅडमचं होतं आणि त्यांना आडपडदा खपत नसे.

"गुण आधी दिलेस, ओळखलंस नंतर. म्हणजे गुण कायम," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवसांत त्यांना एकदाच सुधारून पाठवता येतं. ती फेरी गौरांग घेईल, आणि तिच्यात प्रत्येक काम एकदाच होईल. तुला त्यांना मदत करायची असेल तर खुशाल कर. पण मग अहवालावर तुझी सही नाही."

तिच्या स्वतःच्या सहीचा तो पहिलाच अहवाल होणार होता. आईला फोटो पाठवायचंसुद्धा ठरलं होतं. अपेक्षा म्हणाली, "चालेल, मॅडम."

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून तिनं गाडी धरली. मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत ती मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती, सरांना लागणार नाही असं. तसं वाक्य मराठीत नसावं. औजार बँक अकोल्याच्या बाहेर, टिनाच्या मोठ्या शेडमध्ये होती. ओळीनं नऊ ट्रॅक्टर, आणि कोपऱ्यात एका टेबलाशी, इस्त्रीच्या शर्टात हेमचंद्र सर. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते रोज इथं येत होते. सॉफ्टवेअर त्यांनीच बनवलेलं, पुस्तिका त्यांनीच लिहिलेली.

"सर, पस्तीस आले," अपेक्षा म्हणाली. घोळवलेलं वाक्य गाडीतच राहिलं.

"पस्तीस? म्हणजे काठावर का होईना, पास!"

"सर, आमच्याकडं सत्तरला पास असते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "संचालकांनी सांगून ठेवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "या खेपेला जमलं नाही तर माझं बाजूला ठेवून पुण्याहून तयार सॉफ्टवेअर आणायचं. दोन वर्षं गेलीत गं यात." मग त्यांना एकदम राग आला. "तुमचा तो एजंट ढ आहे! चौतीस वर्षं शिकवलं मी. पुस्तकात सगळं असतं. वाचणारा पाहिजे!"

अपेक्षा वाद घालत बसली नाही. तिनं लॅपटॉप उघडला, जुनी पुस्तिका एजंटला दिली आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा त्याला काम."

सरांनी काम सांगितलं, एजंट लागला कामाला, आणि तेवढ्यात केशरबाई आल्या. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात बँकेचा फोन. वय पंचावन्नच्या पुढचं, शाळा चौथीपर्यंत. साठ गावांतून येणारा प्रत्येक फोन त्याच उचलायच्या आणि कोणतं औजार कुठं जाईल ते त्याच सांगायच्या. सरांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फक्त शेवटी एक टिचकी मारायच्या.

"हे काय करून राह्यले?" त्यांनी विचारलं. अपेक्षानं पोळ्याची गोष्ट सांगितली.

केशरबाईंनी आधी पडद्याकडं पाहिलं. मग हसू लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ट्रॉलीचा आधार घ्यावा लागला. "अवो माय! पोळ्याले सात ट्रॅक्टर! बह्याड हाये का हा?"

"त्याले कोनी सांगतलं नाई ना, मावशी," अपेक्षा म्हणाली. केशरबाईंसमोर तिची जीभ आपोआप गावाकडं वळली होती.

"हे काय लिहायचं असतं?" सर म्हणाले. "शेंबडं पोरही सांगेल."

एवढ्यात एजंटनं सरांचं काम संपवलं होतं. रात्री धो धो पाऊस झालेल्या गावात त्यानं सकाळी सहाला ट्रॅक्टर रवाना केला होता. केशरबाईंना पुन्हा हसू फुटलं. "काया मातीत? वाफसा होऊ दे, माती सुकू दे नं बाप्पा! दोन दिवस पाय ठेवता येत नाई तिथं. तो फसन, मंग त्याले काढाले दुसरा पाठवा लागन, अन् तोबी फसन." त्याच्या पुढच्या कामात एजंटनं रामरावांना रोटाव्हेटर पाठवला. केशरबाईंनी कपाळाला हात लावला. "कोनता रामराव? त्या गावात चार हायेत. इहीरवाला, का बोरवाला, का शायेजवळचा, का पाराजवळचा?"

अपेक्षा मात्र आता एजंटकडं पाहत नव्हती, केशरबाईंकडं पाहत होती. एजंट कुठं चुकतो ते तिला ऑफिसात बसून कळत होतं. का चुकतो, ते ही बाई नुसती हसून सांगत होती. जिथं केशरबाई हसल्या तिथं पुस्तिकेत एक ओळ कमी आहे, इतकं ते सरळ होतं.

"मावशी, तुमी दोन दिवस माह्या बाजूले बसा," ती म्हणाली. "तो काय करते ते पाहा, अन् हसू आलं का हसा."

"अन् फोन कोन उचलन?"

"सर उचलतील."

सरांनी तोंड उघडलं, पण फोन वाजला, आणि केशरबाईंनी तो सरळ त्यांच्या हातात ठेवला.

असे दोन दिवस त्या शेडनं कधी पाहिले नव्हते. एकीकडं केशरबाई हसत होत्या आणि अपेक्षा लिहीत होती. दुसरीकडं सर फोन उचलत होते आणि दर फोनला माउथपीसवर हात ठेवून ओरडत होते, "केशरबाई, पातूरकडचा पूल पाण्याखाली आहे का? केशरबाई, ब्लोअर नादुरुस्त कोणता, तीन का चार?" केशरबाई तिकडं न बघताच उत्तर द्यायच्या आणि पुन्हा एजंटवर हसायच्या. अपेक्षानं मोजलं. त्या तेवीस वेळा हसल्या. तेवीस ओळी वाढल्या. हिरवी बटणं गेली, त्यांच्या जागी एजंटला कळतील अशा सूचना आल्या. चूक क्रमांक सात म्हणजे नक्की काय आणि ती आली तर काय करायचं, ते आलं. इतिहासाची नऊ पानं काढताना सर कासावीस झाले.

"निदान नांगर तरी ठेव," ते म्हणाले.

"नांगर गेला, सर."

एकाहत्तरची एकोणीस पानं झाली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटच्या एका ओळीवर गाडी अडली. अपेक्षाचं म्हणणं, शेवटी लिहायचं की जे यात नाही त्याचा अंदाज बांधू नकोस, केशरबाईंना विचार. सर हट्टाला पेटले. "पुस्तकानंच सांगायचं की दुसऱ्याला विचारा? ही तर हार झाली! चौतीस वर्षं मी पोरांना एकच सांगितलं. विचारू नका, पुस्तकात पाहा."

"सर, पण सगळं कधीच लिहून होत नसते."

"मग आणखी लिहू!"

केशरबाई चाव्या मोजत होत्या. त्यांनी मान वर केली. "सर, रागवा नोका. कालपासून तुमी फोन उचलून राह्यले. मले किती बार इचारलं?"

सरांनी हातातल्या फोनकडं पाहिलं.

"सॉफ्टवेअर तुमीच बनवलं. पुस्तक तुमीच लिहिलं. तरी तुमी मले इचारता, अन् इचारता म्हनून काम बराबर होते. मंग त्या गरिबानं काहून नाई इचारावं?"

सरांनी फोन टेबलावर ठेवला. त्यांना ते बोचलं होतं, आणि पटलंही होतं. दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि आपल्या घोटीव भाषेत स्वतःच ओळ लिहिली, "न कळल्यास अंदाज करू नये. केशरबाईंना विचारावे." खाली फोन नंबर टाकला.

शुक्रवारी सर अमरावतीला आले. येण्याची गरज नव्हती, पण अकोल्यात त्यांना करमेना. वाटेत त्यांनी संचालकांना फोन केला, बहिणीला केला, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही आज आपली परीक्षा आहे म्हणून सांगितलं. गौरांगनं त्यांना मागं खुर्ची दिली आणि बजावलं, "सर, पाहा, पण बोलायचं नाही." अपेक्षा दाराशी उभी राहिली. तिचा यात आता काही अधिकार नव्हता.

पोळ्याचं काम आलं. एजंट म्हणाला, त्या दिवशी औजारं बाहेर जात नाहीत, दुसरा दिवस सांगा. सरांनी मांडीवर थाप मारली आणि गौरांगनं मागं वळून पाहिलं. वाफशाचं काम आलं, तेही जमलं. चार रामरावांतून एजंटनं बरोबर बोरवाला निवडला. पण सगळंच काही गोड नव्हतं. ब्लोअरच्या दोन कामांत तो घसरला, वेळ बदलण्याच्या कामात घोटाळला, आणखी तीन गेली. एकोणीस कामं झाली तेव्हा तेरा जमली होती. पासष्ट गुण. विसावं काम पार पडलं तर सत्तर, नाही तर पुण्याचं तयार सॉफ्टवेअर.

विसावं काम गौरांगनं स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. मागच्या साली त्याच्या मामाच्या मधमाश्या शेजाऱ्याच्या फवारणीत मेल्या होत्या, ते त्याच्या मनात होतं. त्यानं लिहिलं, "उद्या सकाळी नऊला फवारणीचा ब्लोअर पाठव. शेजारच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत."

अपेक्षा दारातून एक पाऊल आत आली. तेवीस वेळा हसल्या होत्या केशरबाई, पण मधमाश्यांवर हसायची पाळीच आली नव्हती. पुस्तिकेत मधमाशी हा शब्दच नव्हता. उद्या सकाळी नऊला ब्लोअर मोकळा होता. ब्लोअर धाडून दिला की संपलं, आणि काम चुकलं.

एजंट पुस्तिका धुंडाळत राहिला. मग थांबला. पडद्यावर ओळी उमटल्या, "मधमाश्यांविषयी पुस्तिकेत काही सापडले नाही. अंदाज करत नाही. केशरबाईंना विचारतो." आणि त्यानं संदेश धाडला.

"सर, हा नंबर खरा आहे?" गौरांग दचकून म्हणाला. "लोक चाचणीसाठी खोटा देतात."

"मी खोटा का देईन?" सर म्हणाले.

एका कामाला दहा मिनिटांचीच मुदत होती. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या, पण उत्तर येईना. तीन मिनिटं गेली. पाच गेली. "फोन तर कधी हातातून सोडत नाहीत," सर पुटपुटले आणि खुर्चीतून उठले. अनुपमा मॅडमसुद्धा आपल्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आठ मिनिटं झाली. अपेक्षाला वाटलं, सरांचा हात धरावा. पण ते सर होते, तिनं दाराचीच कडी धरली.

नवव्या मिनिटाला केशरबाईंचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, चांगला दणदणीत.

"सकायी नोको! सकायी माशा बाहेर असतात, साऱ्या मरतीन. दिवस बुडल्यावर पाठव, त्या पेटीत गेल्या का. अन् पेटीवाल्याले आधी सांगजो, तो पेट्याइचं तोंड झाकून घेते. बरं केलं रे इचारलं तू."

एजंटनं ब्लोअर संध्याकाळी सातला लावला, पेटीवाल्याला आधी कळवायची नोंद केली, आणि काम संपवलं. मग गौरांगनं पाच गुण मांडले आणि बेरीज मोठ्यानं वाचली, "सत्तर!"

ऑफिसात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं. "अपेक्षा," ते म्हणाले, "विचारायचं कसं असतं, ते मी एकाही विद्यार्थ्याला शिकवलं नाही गं." अपेक्षानं त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. सहीचं तिला आठवलंसुद्धा नाही.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. केशरबाई होत्या. सरांनी आनंदाच्या भरात स्पीकर लावला, पण त्यांना तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

"सर, गावाचं नावच नाई सांगतलं त्या पोट्ट्यानं! कोनाच्या पेट्या व्हय त्या? त्याचा मेसेज आला तवापासून मी फोन लावून राह्यली. सात पेटीवाल्याइले इचारलं, साती जन म्हन्ते आमच्या नाई. तेल्हाऱ्याकडचा एक राह्यला, तो उचलून नाई राह्यला. उद्या माशा मेल्या त कोन जबाबदार?"

उत्तराला नऊ मिनिटं का लागली ते आता सगळ्यांना कळलं होतं.

"केशरबाई," सर म्हणाले, "ती परीक्षा होती. शेत खरं नव्हतं. पेट्याही खऱ्या नव्हत्या."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

सरांनी अपेक्षाकडं पाहिलं. संचालकांना सांगितलं होतं, बहिणीला सांगितलं होतं, गाडीतल्या अनोळखी माणसाला सांगितलं होतं. जिचा नंबर शेवटच्या पानावर टाकला, तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"चुकलं माझं, केशरबाई," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल, असं धरून चाललो."

"मंग तेबी लिहून टाका त्यात," केशरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.